लोडशेडिंगचा बडग्या

“मोऱ्या, तू मेल्यावर तिरडीवरबी दात काढशीन!”

असं म्हणून शेजारच्या डोमाजी परातेनं हातातली बांबूची कामटी कराकरा वाकवली. जशी काही ती माझीच मान.

“खांदेकरी कोन आहेत त्याच्यावर आहे ते,” मी म्हटलं. “तुमी पुढं असाल तं काढीनच.”

झालं. माझ्याच बोलण्यावर मला हसू फुटलं आणि वाटीतली खळ डोमाजीच्या लुंगीवर सांडली. डोमाजी शिव्या देत उठायला गेला, पण लुंगी ओट्याला चिकटली. तो अर्धा उठला आणि अर्धा बसूनच राहिला. मग मी ओट्यावरून खाली गडबडा लोळायचा तेवढा बाकी होतो.

पोळा तोंडावर आला होता. लाइट गेलेली होती. त्या वर्षी ती दिवसातून जितक्या वेळा यायची, त्यापेक्षा जास्त वेळा जायची. लाइट गेली की आमच्या रंगारीपुऱ्यातले पावरलूम एकदम मुके व्हायचे आणि माणसांना कंठ फुटायचा. अख्खा मोहल्ला ओट्यांवर. म्हणून तर आम्ही ठरवलं होतं, यंदाचा बडग्या लोडशेडिंगचा.

नागपूरच्या बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. एक काळी, एक पिवळी, दोन्ही कामट्या-कागदाच्या बाया, घराएवढ्या उंच. शंभराच्या वर वर्षं झाली, निघतातच आहेत. काळीला कोणी पूतना म्हणतं, कोणी भोसल्यांच्या घरातली फितुरी म्हणतं. पिवळीच्या पायाशी बाया तान्ही लेकरं टेकवतात. दोघी आपापल्या रस्त्यानं निघतात, चौकात समोरासमोर येतात, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन त्यांना जाळतात. जाताना त्यांनी गावाचा सगळा वाईटपणा सोबत न्यायचा. म्हणून लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात, “इडा पिडा, खासी-खोकला, माश्या-मुरकुटे घेऊन जा गे मारबत!” आणि त्यांच्या मागे बडग्ये. बडग्या म्हणजे गडी. वर्षभरात ज्यानं लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, रस्ताभर त्याला शिव्या द्यायच्या, चपला हाणायच्या, शेवटी काडी लावायची. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या. एका वर्षी तर आम्ही लग्नाला येऊन पोळ्यापर्यंत मुक्काम ठोकलेल्या एका पाहुण्याचा केला होता. बिचाऱ्यानं स्वतःच ठेला ढकलला. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

डोमाजीचा आजा या सगळ्या इतिहासात दरवर्षी थोडा वर सरकायचा. मी लहान होतो तेव्हा आज्यानं पहिल्या मारबतीचा नुसता दोर धरला होता. मी कॉलेजात गटांगळ्या खाईपर्यंत त्यानं तिला खांदा दिला. आणि मी सांगतोय त्या वर्षापर्यंत, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी, आज्यानं ती मारबत एकट्यानं बांधली होती आणि एक इंग्रज साहेब घोड्यावरून उतरून त्याला सलाम ठोकून गेला होता.

“यंदा साहेबानं आज्याले चहा पाजला का नाई, डोमाजी?” मी विचारलं.

“तू हासूच राय,” डोमाजी लुंगी सोडवत म्हणाला. “हासून हासून हातची पोरगी घालवली. तरी दात आतमंदी जात नाईत.”

हे मात्र लागलं.

माझं साउंड सर्व्हिसचं दुकान. लग्न असो, बारसं असो, गणपती असो, भोंगा माझाच. संक्रांतीच्या सुमाराला वेणू मौंदेकर दुकानात आली. बालवाडीची बाई. स्नेहसंमेलनाला माइक पाहिजे होता. म्हणाली, चालवून दाखवा. मी माइक तिच्या हातात दिला. भोंगा दारावरच टांगलेला. तिनं शांतपणे माइक तोंडाजवळ धरला.

“हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. हा मानूस वायर जोडाची सोडून माझ्याकडं पाहून रायला. हॅलो.”

सगळ्या बाजारानं ऐकलं. समोरच्या पानवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आणि ती, चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवता, माइक माझ्या हातात परत देऊन निघून गेली. मी चौतिशीचा सडाफटिंग, नावानं मोरेश्वर, जन्मभर दुसऱ्यांचा मोरू करत आलेला. त्या दिवशी माझा झाला.

मी सरळ डोमाजीच्या बायकोच्या पाया पडलो. कौतिकाकाकू. माझी आई गेल्यापासून माझ्या पोटाची आणि अकलेची काळजी काकूच वाहायची. तिनं स्थळ घातलं, तिकडून सहा महिने नुसत्या तारखा पडल्या, आणि पोळ्याला आठवडा असताना आम्ही तिघं पोरगी पाहायला गेलो.

वेणूचे वडील श्रावणजी मौंदेकर. कोर्टातले पट्टेवाले. सगळी नोकरी व्हरांड्यात उभं राहून नावं पुकारण्यात गेलेली. त्यांना हळू बोलताच यायचं नाही. त्यांनी जेवताना मीठ मागितलं की शेजारची बाई मीठ घेऊन यायची. आणि चेहरा असा, की त्यांच्यासमोरून जाताना मला न केलेले गुन्हे कबूल करावेसे वाटायचे.

मी पण ठरवून गेलो होतो. दात झाकलेले. मान खाली. “हो जी, नाई जी,” बस, एवढंच. काकूनं दोनदा मला कौतुकानं कोपर मारलं. श्रावणजीही खूश दिसत होते. मग त्यांनी पोरीला बाहेर बोलवायचं ठरवलं. पडद्याकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला, आणि सवय ती सवय,

“वेऽणू श्राऽवण मौंऽदेकर, हाऽजिर होऽऽ!”

माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. पुढच्या क्षणी तो श्रावणजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर होता.

मला थांबवताच आलं नाही. खुर्चीतून घसरलो, टेबलाचा पाय धरून हसलो, श्वास घेऊन पुन्हा हसलो. वेणू पडद्यातून बाहेर आली, तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बापाच्या सदऱ्याकडे, पदर तोंडावर दाबला आणि खांदे गदगदा हलवत उलट्या पावली आत पळाली.

“रडवलं ना पोरीले, मेल्या!” काकू कानात फुसफुसली.

श्रावणजी उठले. सदरा झटकला.

“स्थळ खारीज,” ते म्हणाले. “ज्याले पाच मिनिटं थोबाड सरळ ठेवता येत नाई, त्याच्या घरी मी पोरगी देत नसतो.”

चार दिवस झाले होते त्याला. मी भोंगे भाड्यानं देत होतो, लोकांच्या सायकलींची हवा सोडत होतो, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, पण वेणूचे ते हलणारे खांदे काही डोळ्यांपुढून जात नव्हते. माझं तोंड पडलेलं पाहून डोमाजीला आणखी चेव आला. त्यानं अर्ध्या बांधलेल्या बडग्याच्या सांगाड्याला थाप मारली.

“पाह्य याच्याकडं! न हालते, न बोलते, न हासते. तुझ्यापेक्षा हा पुतळा बरा नवरदेव.”

“त्याच्यात काय आहे? मीबी उभा राहीन.”

“तू?”

“मी. बडग्या म्हनून. ठेल्यावर. इथून तं चौकापर्यंत. न हालता, न बोलता, न हासता.”

डोमाजीनं कामटी खाली ठेवली. त्याचे डोळे असे चमकले, जसा काही इंग्रज साहेब पुन्हा घोड्यावरून उतरला.

“लागली पैज?”

“लागली.”

“हारला तं?”

“तुमी सांगा.”

“तुमी दोघंबी बसा गुमान, मी सांगते,” आतून कौतिकाकाकू डाळ निवडायचं सूप घेऊन बाहेर आली. “जो हारला त्यानं भर रस्त्यात माइक हाती घ्याचा आन आपली खोड, स्वतःच्या तोंडानं, मारबतीले देऊन टाकाची. हे हारले तं यायच्या थापा. मोऱ्या हारला तं त्याचं हासनं. आन एकदा देल्लं का वापस मांगाचं नाई.”

डोमाजीचा चेहरा उतरला. थापा गेल्या तर आज्याचं काय होणार?

“आन काकू, मी जिंकलो तं?”

काकूनं सूप मांडीवर घेतलं आणि डाळ निवडता निवडता, वर न पाहता म्हणाली, “जिंकला तं मी अजून एक डाव श्रावनजीच्या घरी जाईन. सांगीन, बापा, पोरगा सगळ्या नागपूरच्या समोर थोबाड सरळ ठेवून उभा होता, आता तरी आयका. पन हारला तं मोऱ्या, मले पुन्यांदा त्या घराचं नावबी सांगू नको. मले लोकायच्या घरी जाऊन पोहे पुसाची हौस नाई.”

त्या मिनिटापासून मला ती पैज डोमाजीशी लागलेली वाटलीच नाही.

मारबतीच्या सकाळी मला बडग्या केलं. अंगात गोणपाट, गोणपाटात तणस कोंबलेलं. तोंडाला काजळी, तिच्यावर खळीनं चिकटवलेली रद्दी, नाकाखाली झाडूच्या काड्यांची मिशी. एका हाताला कंदील बांधला, दुसऱ्याला हातपंखा. आणि गळ्यात फुटक्या-जळक्या बल्बांची माळ, अशी लांब की बेंबीपर्यंत यावी. ही माळ डोमाजीची अक्कल. मी जरा हललो की बल्ब एकमेकांवर वाजणार, आणि ठेल्याशेजारून वेताची काडी घेऊन चालणाऱ्या पंच कौतिकाकाकूला ते ऐकू जाणार.

“जाळाच्या आधी उतरवजा मले,” मी शेवटचं बोलून घेतलं.

“याद रायली तं,” डोमाजी म्हणाला आणि ठेला हलला.

रस्त्यावर आलो आणि पहिल्यांदाच मला मारबत बडग्याच्या बाजूनं दिसली. ढोल, ताशे, गुलाल, छपरांवर माणसं, झाडांवर माणसं. पुढं कुठंतरी पिवळी डुलत चाललेली, तिचे नुसते डोळे घरांच्या वरून दिसत होते. आणि आमच्या ठेल्याभोवती हजार तोंडं, सगळी माझ्याकडे पाहून दात ओठ खात होती.

“लोडशेडिंग घेऊन जा गे मारबत!” डोमाजी माइकवर ओरडला. भोंगा माझाच, माझ्याच कानामागं बांधलेला.

“घेऊन जा गे मारबत!”

पहिली चप्पल गुडघ्यावर बसली. दुसरी मिशीवर. लोकांचा राग खरा होता. एका म्हातारीनं तर जवळ येऊन, “परवा माझी सिरेल अर्ध्यात बंद पाडली रे मुडद्या,” म्हणून मला काठीनं असं ढोसलं की दोन बल्ब फुटले. मी हललो नाही. मग लोकांना लोडशेडिंग पुरेनासं झालं आणि जो तो घरातलं बाहेर काढायला लागला.

“आमच्या घरमालकाची कुरकुर घेऊन जा गे मारबत!”

“सासऱ्याचं घोरनं घेऊन जा गे मारबत!”

“माझ्या बायकोच्या भावाले घेऊन जा गे मारबत!” आणि लगेच त्याच गर्दीतून एका बाईचा आवाज, “त्याच्याआंदी याले ने गे माय!”

पोटात हसू उकळत होतं. मी दातांत जीभ धरली आणि वेणूचे खांदे आठवले. उकळी बसली.

डोमाजी काही कमी नव्हता. तो माइकवर सांगायला लागला, “भाऊ हो, हा साधा बडग्या नोहे! माझ्या आज्यानं असाच बडग्या बनवला होता, तं इंग्रज साहेबानं त्याले मानूस समजून जेवाचं आमंत्रन देल्लं! आन बडग्या गेला ना बापा जेवाले!” मी नाकपुड्या आवळल्या. एका वळणावर कोणाची तरी बकरी ठेल्यावर पुढचे पाय टेकवून उभी राहिली आणि माझ्या मांडीतलं तणस ओढून खायला लागली. आधी तणस, मग गोणपाट, मग तिला आत आणखी काहीतरी असल्याचा वास आला. काकूनं बकरीला हाकललं नाही. पंच ना ती. ती वाकून नुसती पाहत होती. मी डोळ्यांतून पाणी काढलं पण हललो नाही. शेवटी बकरीच कंटाळून गेली.

“मोऱ्या,” काकू ओठ न हलवता म्हणाली, “शाबास. चौक दिसून रायला.”

खरंच दिसत होता. आणि तिथंच सगळं थांबलं. चौकात काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या होत्या, ढोलांचा नुसता कल्लोळ, मागचे सगळे ठेले जागच्या जागी अडकले. मी फक्त डोळे फिरवले. आमचा ठेला ज्या घरासमोर थांबला होता त्याची निळी गॅलरी मला ओळखीची होती. तिथं वेणू उभी होती. पिवळा सलवार-कुर्ता, केसांत गुलाल. ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे लोडशेडिंगकडे पाहत होती, तोंडावर तोच काही न दाखवणारा चेहरा.

आणि खालच्या दारातून श्रावणजी बाहेर आले. पांढरा सदरा, काळी टोपी, हातात चप्पल.

गर्दीनं त्यांना वाट दिली. ते ठेल्यासमोर उभे राहिले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माणूस कोर्टातला, सुनावणीशिवाय शिक्षा कशी देईल?

“तुले काई सांगाचं आहे?” त्यांनी मला विचारलं.



“काई सांगाचं नाई,” त्यांनी लोकांना कळवलं, आणि चप्पल हाणली.

हसू माझ्या गळ्यापर्यंत आलं, तिथं मी ते धरलं. बल्बांची माळ किंचित किणकिणली. काकूनं कान टवकारले. डोमाजीनं बोट वर केलं. काकूनं मान हलवली, नाही, वारा आहे. चौक समोर होता. गर्दी हलली की संपलं. मी जिंकलो होतो, अगदी जिंकल्यात जमा होतो.

पण श्रावणजी गेले नाहीत. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ठेल्याच्या चाकावर पाय ठेवून वर चढले आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. त्यांना काहीतरी गुपचूप सांगायचं होतं. मारबतीपर्यंत पोचवायला बडग्यापेक्षा चांगला माणूस कुठं मिळणार? आणि ते कुजबुजले. आयुष्यभर व्हरांडा गाजवलेल्या माणसानं कुजबुजावं तसे कुजबुजले. पलीकडच्या छपरावरची माणसं वळून पाहायला लागली.

“आयक बापा. आमच्या वेणूले काईतरी झालं. त्या मोऱ्या सोनकुसऱ्यानं घरी येऊन माझ्या सदऱ्यावर पोहे थुकले, तवापासून पोरगी एकटीच हासून रायली! पोया लाटता लाटता हासते. आंघोळीले गेली तं आतमंदी हासते. मले जेवाले बोलावते तं म्हनते, ‘बाबा, हाजिर हो!’ मी म्हटलं तुले दुसरं स्थळ पाह्यतो, तं म्हनते, लगन करीन तं त्याच दात काढ्यासंगं, नाई तं राहीन अशीच. त्या मोऱ्याचं भूत पोरीच्या डोक्यातून घेऊन जा गे मारबत!”

“घेऊन जा गे मारबत!” अख्ख्या रस्त्यानं, सवयीनं, साथ दिली.

गॅलरीत वेणूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. तसेच. अगदी त्या पोह्यांच्या दिवसासारखेच.

अरे! ती रडली नव्हती!

मला माहीत होतं की आता हललो तर पैज गेली. काकू पुन्हा त्या घरी जाणार नाही. चौक हाताशी होता. मला सगळं माहीत होतं. पण ज्या पोरीसाठी मी हसू दाबून उभा होतो ती वर गॅलरीत माझ्याच हसण्यावर हसत होती, आणि तिचा बाप माझ्याच कानात माझंच भूत उतरवत होता. आधी एक बल्ब वाजला. मग दोन. मग सगळी माळ खणखणायला लागली. हातातला कंदील हलला. झाडूची मिशी एका बाजूनं सुटली. श्रावणजी अजून माझ्या कानाशीच होते. त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि लोडशेडिंग त्यांच्या तोंडावर फुटलं.

“बडग्या हासलाऽऽ!”

कोर्टाच्या आवाजात निघालेली ती आरोळी चौकापर्यंत गेली. ढोल थांबले. पुढच्या बाया किंचाळल्या, मागचे पळाले, पळालेल्यांना पाहून ज्यांना काही माहीत नव्हतं तेही पळाले. एक ताशेवाला पळता पळता वाजवतच होता. मी हातात कंदील आणि पंखा घेऊन ठेल्यावर वाकून हसत होतो, थांबतच नव्हतं, आणि मागं श्रावणजी चाकावरून उतरायचं विसरून माझी मिशी हातात धरून उभे होते.

“मोऱ्या सोनकुसरे!” ते म्हणाले.

“हो जी,” मी म्हटलं. “नाई जी.”

पळालेली माणसं परत आली, गोळा झाली. कोणीतरी सगळ्यांना सांगितलं, तो साउंडवाला आहे, पैज लागली होती. मग काय, रस्ता हसून हसून खाली बसला. एकटी कौतिकाकाकू हसत नव्हती. तिनं वेताची काडी ठेल्यावर आपटली.

“हारला,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. “पैज म्हनजे पैज, मोऱ्या. चौकाची वाट नको पाहू. इथंच दे.”

डोमाजीनं माइक आणून माझ्या हातात दिला. त्याला नाचायचं होतं, पण माझ्याकडे पाहून त्यानंही एकदा घसा खाकरला.

“राहू दे ना,” तो काकूला म्हणाला.

“मी हारलो डोमाजी,” मी म्हटलं. “देतो.”

मी गोणपाट झटकलं, सरळ उभा राहिलो. समोर श्रावणजी. वर वेणू. मला वाटलं, याच हसण्यानं स्थळ खारीज झालं, याच हसण्यानं पैज गेली. असेल हीच आमच्या घरची इडा पिडा. जाऊ दे. ही जर माणसासारख्या माणसाच्या आड येत असेल तर जाऊच दे. त्या दिवशी पहिल्यांदा माझं थोबाड खरोखर सरळ झालं. पैजेसाठी झालं नव्हतं तसं.

“मी मोरेश्वर सोनकुसरे, रंगारीपुरा,” मी माइकवर म्हणालो. भोंग्यातून आवाज चौकापर्यंत गेला. “पैज हारलो. माझं हासनं… माझं हासनं घेऊन जा गे मारबत!”

आता लोकांनी ओरडायचं होतं. तशी रीत आहे. एकानं ओरडायचं आणि गर्दीनं उचलायचं. कोणीच उचललं नाही. ज्या म्हातारीनं मला काठीनं ढोसलं होतं तिनं पदर तोंडाला लावला. डोमाजी खाली पाहत होता. ढोलवाल्यानं टिपरी हवेत धरली होती ती तशीच राहिली.

आणि वरून, माइक नाही, भोंगा नाही, नुसत्या गळ्यातून आवाज आला. बापाचाच गळा होता, त्याच घराण्यातला.

“नको नेऊ गे मारबत!”

सगळ्या माना वर झाल्या. वेणू गॅलरीच्या कठड्यावर पोटापर्यंत वाकली होती.

“नको नेऊ! बाकी काय न्याचं ते ने, एवढं नको नेऊ गे मारबत!”

शंभराच्या वर वर्षांत मारबतीला कोणी काही नको नेऊ म्हटलं नसेल. लोकांना क्षणभर कळेना, याला काय साथ द्यायची. मग ती म्हातारीच पहिली ओरडली, “नको नेऊ गे माय!” मग बाया. मग लूमवाले. मग टिपरी ढोलावर आपटली, आणि अख्खा रस्ता, छपरांवरचे, झाडांवरचे, मारबतीला उलटं सांगायला लागला, “नको नेऊ गे मारबत! नको नेऊ गे मारबत!” डोमाजी तर मोठमोठ्यानं ओरडत होता आणि डोळे पुसत होता. चौकात काळी आणि पिवळी समोरासमोर उभ्या होत्या, आता नेमकं काय न्यायचं आणि काय ठेवायचं हे एकमेकींना विचारत असाव्यात तशा.

श्रावणजींनी वर पोरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हातातल्या मिशीकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातला माइक हिसकावला. त्यांना त्याची काय गरज होती देव जाणे. भोंगा त्या दिवशी फाटला तो कायमचा.

“या दोघायलेही घेऊन जा गे मारबतऽऽ!”

“घेऊन जा गे मारबत!” रस्ता गरजला.

कौतिकाकाकूनं वेताची काडी टाकली, गर्दीतून वाट काढत आली आणि ठेल्याच्या चाकाशी उभी राहून तिनं पदर डोक्यावर घेतला.

“जी,” तिनं विचारलं, “हा होकार समजाचा का?”

“समजाऽऽ!” श्रावणजी ओरडले, आणि चौकापलीकडच्या लोकांनीही ते ऐकलं.